केबिनमध्ये इस्त्री का नको : ‘एक जुना वाचक’ यांना उत्तर

नमस्कार,

क्रूझवर कपड्यांच्या धुण्या-इस्त्रीचं काय करायचं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. रागाच्या भरात उत्तर लिहू नये म्हणून एक दिवस जाऊ दिला. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लाखो रुपये मोजून लक्झरी क्रूझवर गेलेल्या माणसाला मी लाँड्रीच्या खोलीत रांगेत उभं करते, हा कद्रूपणा झाला. “इस्त्री घरीच ठेवा” म्हणून मी कंपन्यांची तळी उचलते, कारण तुमच्या मते आधी इस्त्री काढून घ्यायची आणि मग एका शर्टाच्या इस्त्रीचे डॉलरमध्ये पैसे लावायचे, असा हा सरळ धंदा आहे. केबिनमध्ये किटली चालते, हेअर ड्रायर चालतो, मग एवढीशी प्रवासी इस्त्रीच का खुपते? तुम्ही नेली होतीत, काही झालं नाही. शिवाय रेशमी साडी बोटीवरच्या लाँड्रीत देऊ नका असं लिहून मी तिथे राबणाऱ्या माणसांना अडाणी ठरवलं, हेही आहेच.

इस्त्रीपासून सुरुवात करते. बाकी गोष्टींत गडबड झाली तर फार तर चार पैसे जातील.

माझा लेख क्वीन मेरी २ या बोटीबद्दल होता. २००४ पासून ही बोट अटलांटिक ओलांडते आहे. साउदम्पटनहून न्यूयॉर्कला थेट निघाली तर सात रात्री लागतात, मध्ये एकही बंदर नाही. या बोटीवर केबिनमध्ये इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर, दोन्हींना मनाई आहे. आणि याच बोटीवर प्रवाशांसाठी ज्या लाँड्रीच्या खोल्या आहेत, तिथे वॉशिंग मशीन, ड्रायर, इस्त्री, इस्त्रीचं टेबल सगळं फुकट मिळतं. साबणसुद्धा. आता सांगा, ज्याला इस्त्रीबंदीतून पैसे उकळायचे आहेत तो इस्त्री फुकट कशाला ठेवेल? वायकिंग या क्रूझ कंपनीच्या समुद्रातल्या बोटींवर हेच, सीबोर्नवर हेच, रीजंटवरही हेच. प्रिन्सेस आणि कार्निव्हलच्या बहुतेक बोटींवर मशीनचे पैसे पडतात, पण खोली असते. रॉयल कॅरेबियन आणि सेलिब्रिटीच्या बोटींवर मात्र प्रवाशांसाठी अशी खोलीच नाही. कपडे बोटीच्या लाँड्रीत द्या, नाहीतर मळके घेऊन घरी जा. तुमचा संशय तिथे जास्त शोभून दिसेल. तिथलं नगावारी दरपत्रक वाचून माझ्याही पोटात गोळा येतो. पण बंदी दोन्हीकडे तीच आहे, म्हणजे तिचं कारण दरपत्रकात सापडणार नाही.

किटलीचा मुद्दा चांगला आहे, तो झटकून टाकत नाही. पाणी उकळलं की किटली आपली आपण बंद होते. हेअर ड्रायर माणूस हातात धरूनच वापरतो, आणि फार तापला तर आतला कटआउट, म्हणजे सुरक्षेचा स्विच, त्याला बंद पाडतो. शिवाय दोन्ही वस्तू बोटीच्याच, कुठल्या आहेत आणि किती वीज खातात हे तिथल्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक. इस्त्रीचं तसं नाही. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके असतात ना, म्हणजे सुती कपड्याची खूण, तिथे तळ २०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. केबिनमध्ये इस्त्रीचं टेबल नसतं. मग माणूस काय करतो? पलंगावर टॉवेल पसरतो. तेवढ्यात दारावर टकटक होते, किंवा “अहो, जरा इकडे या, मासे उड्या मारतायत” अशी बाल्कनीतून हाक येते.

त्यात विजेची भानगड वेगळीच. बऱ्याच बोटींवर टेबलाशेजारच्या भिंतीत ११० आणि २२० व्होल्टचे सॉकेट शेजारीशेजारी असतात. मुलीने अमेरिकेहून पाठवलेली ११० व्होल्टची इस्त्री २२० मध्ये खुपसली तर तिच्या कॉइलमधून चौपट वीज जाते. आपली २२० वाली ११० मध्ये लावली तर ती पाव ताकदीने कोमट होत बसते, आणि ‘तापू दे तोवर’ म्हणून माणूस अंघोळीला जातो. बोटीवर हजारभर केबिन. प्रत्येकात एकेक इस्त्री, बहुतेकांची घाई एकाच वेळी, कारण जेवणाची वेळ सगळ्यांची तीच. तुम्ही जबाबदार आहात याबद्दल मला शंका नाही. नियम तुमच्या एकट्याच्या केबिनसाठी केलेला नाही.

आणि ‘आम्ही नेली, काही झालं नाही’ याला काय उत्तर देऊ? आमच्या पुण्यात हेल्मेट न घालता ऑफिसात पोचलेला प्रत्येक माणूस रोज हेच सांगतो.

बोटीवर १०१ नंबर फिरवून बंब येत नाही. आग लागली की वेटर, केबिन आवरणारे, इंजिनातले लोक यांच्यातूनच उभी केलेली पथकं पाइप धरतात. कपड्यांवरून लागलेल्या आगीचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. २० जुलै १९९८, मायामी. कार्निव्हल कंपनीची ‘एक्स्टसी’ ही बोट अडीच हजारांहून जास्त प्रवासी घेऊन बंदरातून निघाली आणि थोड्याच वेळात तिच्या मागच्या भागातून काळ्या धुराचे लोट यायला लागले. आग लागली होती बोटीच्या मुख्य लाँड्रीत. तिथे दोन कर्मचारी परवानगी न घेता वेल्डिंग करत होते. ठिणगीने पेट घेतला तो कपड्यांच्या तंतूंनी. लाँड्रीच्या हवेच्या नळांमध्ये कापसासारखी लव साचून राहिली होती, तिच्यातून आग वर सरकत मागच्या डेकपर्यंत गेली आणि तिथे ठेवलेले बोट बांधायचे प्लास्टिकचे दोर धडधडून पेटले. कोणी दगावलं नाही, काही लोक जखमी झाले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत बोट ठेवलं ते या वेल्डिंगवर आणि साचलेल्या लवेवर.

आठ वर्षांनी, मार्च २००६ मध्ये, जमैकाच्या जवळ ‘स्टार प्रिन्सेस’ पेटली. बाल्कनीवर पडलेलं सिगारेटचं जळतं थोटूक हे त्याचं संभाव्य कारण ठरलं. बाल्कन्यांची मोठी रांगच्या रांग जळाली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर बाल्कन्यांच्या साहित्याचे नियम बदलले. थोटकाने हे होत असेल तर टॉवेलवर उपडी पडलेली इस्त्री काय करेल याचा हिशेब तुम्हीच करा.

ही लव डोळ्यांनी बघायची असेल तर लाँड्रीच्या खोलीत ड्रायरची जाळी ओढून काढा. राखाडी, मऊ, नमद्यासारखा थर बोटांत सोलून येतो. त्यात टॉवेलचे धागे, कोणाचे केस, खिशात राहिलेल्या टिश्यूचा भुगा. आपल्याआधी कोणी जाळी साफ केली नसेल तर कपडे वाळत नाहीत, नुसते गरम होतात, आणि माणूस वैतागून ड्रायर दुसऱ्यांदा फिरवतो. लेखात मी ‘आधी जाळी साफ करा, मग कपडे टाका’ असं लिहिलं होतं. तुम्ही त्याला ‘मोलकरणीची कामं शिकवणं’ म्हणालात. असो.

आता रांगेविषयी. लक्झरीची तुमची व्याख्या तुमची, माझी माझी. पण लाँड्रीच्या खोलीत कद्रू लोक भेटतात हा तुमचा समज एकदा तिथे डोकावलात तर टिकणार नाही. गाला संध्याकाळच्या आदल्या दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या रात्री पुरुषांना डिनर जॅकेट किंवा सूट, बायकांना लांब पोशाख, आणि बॅगेतून निघालेला प्रत्येक शर्ट चुरगळलेला. मी एका ब्रिटिश आजोबांना इस्त्री करताना बघत उभी होते. आधी कॉलर, तीही उलट्या बाजूने, टोकांकडून मधे. मग खांद्याची पट्टी, मग बाह्या, आणि पुढची बाजू सगळ्यात शेवटी, म्हणजे ती पुन्हा चुरगळत नाही. हातात सराव इतका की मागच्या रांगेतल्या बायका कौतुकाने बघत होत्या. त्यांचं तिकीट आमच्यापेक्षा महाग होतं, हे नंतर गप्पांत कळलं.

भांडणंही तिथेच होतात. मशीन थांबलेलं, मालक बेपत्ता, पुढचा माणूस कपडे घेऊन ताटकळत. परक्याचे ओले कपडे काढून टोपलीत ठेवायचे की नाही, यावर दोन अत्यंत सभ्य माणसं एकमेकांना ‘सॉरी’ म्हणत म्हणत किती खवचट बोलू शकतात, हे ऐकण्यासाठी तरी जावं. गर्दी टाळायची असेल तर पश्चिमेकडे जाताना सोपं आहे. बऱ्याच रात्री घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे पहाटेच टक्क जाग येते. खोली उघडल्या उघडल्या जायचं. मी डब्यातल्या चिवड्याचा बकाणा भरून, कपडे फिरायला टाकून, तिथेच पुस्तक वाचलं.

यात पैसे वाचवायचं काही नाही असं मात्र म्हणणार नाही. वाचतात, आणि मला ते वाचलेले आवडतात. ज्यांना यात पडायचं नाही त्यांनी पिशवीत कपडे भरून खुशाल द्यावेत. रीजंटसारख्या कंपन्यांत ती सेवा भाड्यातच धरलेली असते. प्रिन्सेसच्या एलीट दर्जाच्या जुन्या प्रवाशांचीही लाँड्री फुकट होते. तिथे कोणी स्वतः धुणं करत बसला तर मीच त्याला वेड्यात काढेन.

साडीचं सांगते. लाँड्रीतल्या माणसांना मी अडाणी म्हटलेलं नाही, तसं वाक्य लेखात दाखवून द्या. बोटीच्या पोटातली लाँड्री दिवसरात्र ज्यासाठी चालते ते म्हणजे चादरी, टॉवेल, टेबलावरचे नॅपकिन आणि कर्मचाऱ्यांचे गणवेश. चादर मोठ्या तापलेल्या रोलरमधून सपाट होऊन बाहेर येते. प्रवाशांचे कपडे हे त्याच्या जोडीला, त्यात शर्ट, पँट, ड्रेस, जॅकेट अशी यादी असते. सहा वार, जरीचे काठ, वर बुट्टी, हे त्या यादीत कुठे बसवायचं? हुशार माणूसही समोर आलेली वस्तू जवळच्या ओळीत बसवणार. शिवाय पिशवीसोबतच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत नुकसानभरपाईची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचा आणि शेजारी पैठणीची किंमत मांडा.

‘मग ड्रायक्लीन करून घ्यावी’ असंही तुम्ही लिहिलंत. ती सोय सगळ्या बोटींवर नसते. ड्रायक्लीनचं रसायन समुद्रात सोडता येत नाही, बंदरावर रीतसर उतरवावं लागतं. १९९९ मध्ये रॉयल कॅरेबियनने अमेरिकेत गुन्हे कबूल करून १ कोटी ८० लाख डॉलर दंड भरला, त्यात तेलाबरोबर ड्रायक्लीनिंगची आणि फोटो धुण्याची रसायनं पाण्यात सोडल्याचाही आरोप होता.

पैठणीला घरीच इस्त्री करून न्यावी. उलट बाजूने, वर मलमलचं फडकं, दोन ठिपक्यांच्या वर जायचं नाही, पाणी शिंपडायचं नाही. मग घडी न घालता मलमलमध्ये गुंडाळी करून बॅगेत सगळ्यात वर. लाँड्रीच्या खोलीतल्या त्या अरुंद टेबलावर, मागे चार माणसं खोळंबलेली असताना, साडी उलगडायला जाऊ नका. जमिनीवर लोळते आणि निऱ्यांचा विचका होतो तो वेगळाच. क्रेप किंवा जॉर्जेट बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून टांगलं तर बरंचसं सरळ होतं. लोकरीचा कोटही होतो. जरीला मात्र वाफ दाखवू नका, खऱ्या चांदीची असेल तर काळी पडू शकते. खादीचा आणि खळ घातलेल्या सुती साडीचा नाद क्रूझपुरता सोडावा. पुरुषांना डिनर जॅकेट शिवायचीही गरज नाही. बंदगळा चालतो, आणि त्यात शर्ट जवळजवळ दिसतच नाही.

“आपण स्वतः धुतलं तर तिथल्या आपल्या गोव्या-कोकणातल्या मुलांच्या पोटावर पाय येतो” हे तुमचं वाक्य मनापासूनचं आहे, म्हणून त्याला चेष्टेवारी नेत नाही. पण त्यांचा पगार कराराने ठरलेला असतो, तुमच्या दोन शर्टांवर नाही. समुद्रावरच्या कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. त्यावर भारताचीही सही आहे. म्हणजे दिवसाचे बारा-तेरा तास काम कायद्यातच बसतं. अशा माणसाचे दोन शर्ट कमी झाले तर तो तुम्हाला शिव्या देणार नाही. द्यायचेच असतील तर उतरताना त्याच्या हातात पैसे द्या.

तुम्ही शेवटी विचारलंत की डिसेंबरात मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या बोटीने जाताय, तर काय करू. इतक्या थोड्या रात्रींसाठी धुण्याचा विचारच करू नका. माणशी रात्रीचा एक जोड आणि वर एक जास्तीचा, एवढे कपडे पुरतात. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगा की घडी नको, हँगरवरच द्या. दोन-दोन शर्ट एका हँगरवर, वर प्लास्टिकची पिशवी, आणि केबिनमध्ये शिरल्याबरोबर कपाटात. बुकिंग करताना कंपनीला एवढं विचारून घ्या की प्रवाशांसाठी इस्त्रीची खोली आहे का, नसेल तर एका नगाचा दर काय आणि सकाळी दिलेला कपडा संध्याकाळी परत मिळतो का. आणि एवढं सगळं ऐकूनही इस्त्री बॅगेत टाकलीतच, तर ती टर्मिनलवरच्या स्कॅनमध्ये दिसते. काढून घेतात. पावती दिली तर ती ओळखपत्राच्या पाकिटात ठेवा, उतरताना इस्त्री परत मागायला लागेल.