आखडलेल्या घोड्याला फिरवू नका

पावसाळा लागला की पुण्यातील हौशी घोडेस्वार आणि अश्वपालक यांच्यात एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा: रपेटीनंतर घोडा आखडला, म्हणजे पुठ्ठ्यांचे स्नायू कठीण होऊन त्याला पाय उचलवेनासा झाला, तर स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठलेले असते, ते निघून जावे म्हणून घोड्याला फिरवत ठेवावे, खाण्याचा सोडा पाजावा, मग आठवडाभर ठाणबंद ठेवून गूळ आणि हरभऱ्याची चंदी वाढवावी, आणि पुढे असे होऊ नये म्हणून सेलेनियम हे खनिज चालू ठेवावे. यातील जवळजवळ प्रत्येक सूचना चुकीची आहे, आणि पहिली तर घातक आहे.

लॅक्टिक ॲसिडची कल्पना गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली गेली आणि पुढील संशोधनात ती टिकली नाही. भरधाव धावलेल्या निरोगी घोड्याच्या रक्तात लॅक्टेट (म्हणजे हेच लॅक्टिक ॲसिड, रक्तातील रूपात) कितीतरी पटींनी वाढते, पण ते तास-दीड तासात ओसरते आणि घोडा आखडत नाही. उलट हा विकार पुष्कळदा साध्या दुडक्या चालीत, रपेट सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटेही झालेली नसताना दिसतो, आणि त्या वेळी लॅक्टेट फारसे वाढलेलेच नसते. प्रत्यक्षात घडते ते असे की स्नायूंच्या पेशी आकुंचन पावून तशाच राहतात आणि फुटू लागतात. त्यांतील क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात उतरते व चार ते सहा तासांत कमाल पातळीला पोहोचते. मायोग्लोबिन हे स्नायूंतील लाल प्रथिन मूत्रपिंडात उतरते आणि लघवी काळ्या कॉफीसारखी होते.

हे ध्यानात घेतले तर फिरवण्याचा सल्ला का घातक आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही. पुठ्ठे दगडासारखे कठीण झाले आहेत, अंगाला घाम सुटला आहे आणि घोडा पाय उचलत नाही, अशा वेळी प्रत्येक पावलागणिक आणखी पेशी फुटतात. त्याला आहे तेथेच थांबवावे, खोगीर उतरवावे, पाणी पुढे ठेवावे, पाऊस किंवा गार वारा असेल तर पुठ्ठ्यांवर झूल घालावी आणि पशुवैद्यांना बोलवावे. घोडा घाम गाळत जमीन उकरू लागला की मोतद्दाराला पोटशूळाचा संशय येतो आणि तोही फिरवण्याच्याच मागे लागतो. म्हणून आधी पुठ्ठे चाचपून पाहावेत. तबेल्यात शिल्लक असलेले फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक आपल्या मनाने देऊ नये, कारण अंगातील पाणी कमी झालेल्या घोड्याच्या मूत्रपिंडांना ते आणखी इजा करते.

सोड्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. काढून टाकण्याजोगे आम्लच नसेल तर सोडा कशासाठी? घोड्याच्या घामातून क्लोराइड भरपूर जाते आणि त्यामुळे रक्त बहुधा अल्कधर्मी बाजूला झुकते; सोड्याने त्यात भरच पडते. त्याऐवजी रोज सुमारे 30 ग्रॅम साधे मीठ, आणि घाम जास्त येत असल्यास त्याहून अधिक, देणे उपयोगी पडते.

विश्रांती आणि चंदी यांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुण्यात प्रतिबंधाची खरी संधी तेथेच आहे. युरोपात ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी आणि पूर्ण खुराक मिळे आणि सोमवारी सकाळी कामाला जुंपताच ते आखडत. जुलै-ऑगस्टच्या झडीत आपण नेमके हेच करतो: मैदान चिखलाचे म्हणून घोडा चार दिवस ठाणावर, आणि चंदी मात्र पूर्ण. येथील रायडिंग स्कूलांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, बरेच असतात, आणि या जातीतील वारंवार आखडणाऱ्या घोड्यांत, विशेषतः बुजऱ्या तरुण घोड्यांमध्ये, स्नायुपेशीतील कॅल्शियमचे नियमन बिघडते असे मानले जाते. पिष्टमय चंदीने त्यांचा उतावळेपणा वाढतो. क्वार्टर हॉर्स ही अमेरिकी जात आणि ओझ्याच्या काही जाती यांत दोष निराळा असतो. त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) अतोनात साठते, आणि त्यामागील जनुकीय बदल 2008 मध्ये ओळखला गेला. दोन्ही प्रकारांत उपाय मात्र सारखाच आहे: गूळ बंद, हरभरा आणि ओट कमी, वजनाच्या दीड ते दोन टक्के चांगले वाळलेले गवत, आणि ऊर्जा कमी पडत असेल तर हळूहळू वाढवलेले तेल. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करावी आणि पाऊस उघडेल तेव्हा घोड्याला निदान हातात धरून चालवावे. झटका ओसरल्यावर, घोडा मोकळेपणाने पाय टाकू लागला की एक-दोन दिवसांत त्याला लहान वाड्यात सोडावे. आठवडाभराचे ठाण त्रास वाढवते. स्वारी पुन्हा कधी सुरू करायची, हे मात्र तारखेवर नव्हे, रक्ततपासणीवर ठरवावे.

राहिले सेलेनियम. त्याची आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर स्नायूंना इजा होते, हे खरे, आणि संदेशातील एवढाच भाग अर्धा बरोबर आहे. पण 500 किलोच्या घोड्याला दिवसाला एक ते तीन मिलिग्रॅम पुरते, आणि बाजारातील बहुतेक तयार खुराकांत ते आधीच मिसळलेले असते. एप्रिल 2009 मध्ये फ्लोरिडात पोलोचे 21 घोडे सामन्याआधी एकापाठोपाठ कोसळून मेले, ते चुकीच्या प्रमाणात बनवलेल्या टॉनिकातील सेलेनियममुळे. रक्तातील पातळी तपासल्याशिवाय ते टोचणे किंवा चारणे म्हणजे आखडण्यापेक्षा मोठा धोका पत्करणे होय.