कृष्ण कृष्ण, हार्ड डिस्क!

आठ दिवस आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात पाल चुकचुकत होती. निदान आईचं तसं म्हणणं. मी काही बोलायला जावं, कोपऱ्यातून ‘टक-टक-टक’ यावं आणि आईनं टेबलावर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणावं. ‘आपला कंप्युटर अजून पाच वर्षं चालेल,’ असं मी म्हणालो तेव्हाही आवाज आला. पाल साक्षीला आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झालो.

पाल कॅबिनेटच्या आत होती. मशीन 2011चं. झाकण उघडलं तर मूठभर धूळ आणि इतकी शेव निघाली की पोह्यांच्या दोन प्लेटींवर पुरली असती. आवाज हार्ड डिस्कचा. आत चकत्या मिनिटाला 7200 वेळा फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. त्याला जागा सापडेना की ते परत मागे जातं आणि नव्यानं शोधतं, तेच ते टक-टक. बरं, ही बया एका दिवसात बिघडलेली नव्हती. चकतीवरचा एखादा सेक्टर, म्हणजे माहितीचा छोटा कप्पा, खराब झाला की डिस्क गुपचूप राखीव जागेतला दुसरा वापरते. पाहुण्यांसमोर कपाची चिरलेली बाजू भिंतीकडे फिरवून ठेवावी, तसं. आम्हाला पत्ता लागला तेव्हा कपाट भरून चिरलेले कप होते.

जेल रोडवरच्या दुकानदारानं कानाजवळ धरून ऐकलं आणि विचारलं, ‘भिया, बैकअप तो है ना?’ मी छताकडे पाहिलं. पंधरा वर्षं दर दिवाळीच्या साफसफाईत ते काम यादीत होतं, माळ्याच्या खाली आणि पंख्यांच्या वर.

मग सल्ले. शेजारच्या काकांनी डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, हे त्यांना सांगण्यात अर्धा तास गेला. भाचा म्हणाला, ‘मामा, चेकडिस्क चालवा, अख्खी डिस्क तपासेल.’ धापा टाकणाऱ्याला रीगलपासून राजवाड्यापर्यंत पळवण्यातलाच हा प्रकार. शेवटी त्यानंच पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे कंप्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम, आणली आणि डीडीरेस्क्यू हे माहिती वाचवणारं सॉफ्टवेअर लावलं. ते पंगतीतल्या मुरलेल्या जेवणाऱ्यासारखं वागतं: सहज मिळेल ते आधी नव्या डिस्कवर ओढून घेतं, खडे लागलेल्या घासांशी झटापट मागाहून. दोन रात्री चाललं. बायको म्हणाली, ‘अहो, माझ्या बाळंतपणात इतके जागला नव्हतात.’ टक-टक. आई म्हणाली, ‘कृष्ण कृष्ण.’

जवळजवळ सगळं वाचलं. विजेची जुनी बिलं तीन-तीन प्रतींत वाचली. कुणाच्या तरी साखरपुड्यातले पाठमोऱ्या माणसांचे दोनशे फोटो वाचले. गेलं ते नेमकं एकच पान: 2012च्या मुंजीत कुणी काय आहेर केला, त्या वहीचं स्कॅन. वरची चार नावं दिसतात, खाली सगळं करडं.

मूळ वही? ‘आता सगळं कंप्युटरमध्ये आहे’ म्हणत ती रद्दीत मीच घातली होती. आणि पुढच्या आठवड्यात सुदामा नगरच्या काकांकडे लग्न.

आईला सांगितलं तर तिनं लसणाची पाकळी सोलता सोलता सुरुवात केली. ‘लिही. ग्वाल्हेरची आत्या, 251 आणि नारळ. बडोद्याचे मामा, स्टीलचा डबा, झाकण सैल.’ मी लिहितोय. नवी डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी; तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे खोलीत चिडीचूप शांतता. ‘सुदामा नगरचे काका,’ आई थांबली, ‘पाकीट दिलं होतं. रिकामं.’

‘आई, काहीतरीच काय!’

ट्यूबलाइटमागून आवाज आला. चुक-चुक-चुक.

आईनं लसूण बाजूला ठेवला आणि सावकाश बोट आपटलं.