डाव्या कानाचं काही खरं नाही

माझा उजवा कान सज्जन आहे. त्यात काहीही घाला, मुकाट ठेवून घेतो. डावा लहानपणापासूनच वाकडा. विहिरीत पोहायला गेलो की पाणी त्याच्यातच शिरायचं आणि संध्याकाळपर्यंत निघायचं नाही. पाण्याला न सोडणारा हा कान हजार रुपयांच्या आतला इयरबड मात्र धरून ठेवायला तयार नाही.

बरं, आधी घालून बघायची सोय नाही. लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला म्हटलं, "जरा कानात घालून बघू का?" त्याने माझ्या कानाकडे असं पाहिलं की मीच ओशाळून करंगळी खिशात घातली. "दादा, सील तोडलं की माल तुमचा." त्याचंही बरोबर आहे म्हणा. आधी कोणी कानात घालून बघितलेला बड मी तरी घेतला असता का?

मग राहिलं खोकं वाचणं. ४,९९० वर काट आणि खाली ८९९. 'प्लेबॅक ५० तास', म्हणजे डबीतलं चार्जिंग धरून. नुसते बड्स पाच-सहा तासांत मान टाकतात. सगळ्यात मोठी गंमत 'ईएनसी'ची, म्हणजे गोंगाट कमी करण्याच्या सोयीची. मला वाटलं, आता लोकलमधलं भजनी मंडळ गप्प होणार. तर ती करामत माइकची. माझ्या आजूबाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू येतो, मला नाही. पैसे माझे, शांतता त्याची!

शेवटी घरातले आणि ऑफिसातले बड्स उसने घेऊन, सॅनिटायझरने पुसून परीक्षा घ्यायचं ठरवलं. बायकोने तिचे दिले, पण परत घेताना चिमटीत धरून घेतले.

माझी परीक्षा सोपी होती: टाळ, डग्गा आणि तानपुरा. स्वस्तातल्या बड्समध्ये बास ठासून भरलेला असतो. भाच्याच्या बड्समध्ये डग्गा असा घुमला, की बुवा स्वतः डग्ग्याच्या आत बसून गात असावेत. तानपुरा गायब. ऑफिसातल्या एकाच्या बड्समध्ये उलट प्रकार: टाळ थेट मेंदूत आणि डग्गा रजेवर. मी नाक मुरडलं. पण सहज बोटाने डावा बड आत दाबला, तर डग्गा हजर! बोट काढलं, पुन्हा रजा. म्हणजे डग्गा बडमध्ये होताच. रबर आणि कान यांच्यात फट राहिली की खालचे सूर तिथून निसटतात. तेव्हापासून 'याचा साउंड भारी आहे' असं कोणी म्हटलं की मी त्याच्या कानांकडे बघतो.

फट बुजवायला मोठं रबर लावलं. डग्गा आला, आणि सोबत मीही आलो. कान घट्ट बंद झाला की हाडांतून येणारे आपलेच आवाज आत कोंडतात. चालताना माझी पावलं, गिळताना माझा घसा. चिवड्याचा एक घास खाल्ला आणि गाणं बंद करावं लागलं. बिनरबराचे दांडीवाले बड्स या बाबतीत सभ्य. कान मोकळा राहतो. मात्र दादर आलं की गाणं ऐकू येत नाही, दादर तेवढं ऐकू येतं.

तडजोड म्हणून डावीकडे मोठं आणि उजवीकडे मध्यम रबर लावून मी रबरवालेच घेतले. बसतात बरे, अट एवढीच की तोंड हलवायचं नाही. जबडा हलला की कानाची नळीही हलते आणि बड तसूतसूने बाहेर सरकतो. त्यामुळे आत्याचा फोन आला तर काही अडचण येत नाही. तिच्याशी बोलायला 'हं' पुरतं आणि 'हं' ओठ मिटूनही म्हणता येतं. तासभर बड जागचा हलत नाही.

परवा मात्र जेवताना तिने नेमकं विचारलं, "अरे, मला सकाळी फिरताना कानात घालायला तसलं काहीतरी हवंय. कुठलं घेऊ?"

आता या विषयावर माणूस 'हं' कसा म्हणणार? मी सुरुवात केली. रबराचं माप, फट, डग्गा. ईएनसीपर्यंत पोचलो आणि डावा बड आमटीत पडला. खोक्यावर 'आयपीएक्स ४' छापलेलं आहे. ते पाण्याच्या शिंतोड्यांपुरतं असतं, आमटीचा त्यात उल्लेख नाही. मी चमचा घेऊन शोधाला लागलो. उजव्या कानात आत्या म्हणत होती, "गप्प का झालास? महाग आहेत का फार?"