सराईत कसं व्हावं?

तुमच्या ताब्यात एखादी जुनी सराई आलीच, तर पहिलं काम हे करा: प्रवाशांना बाहेर काढा. मुक्कामाच्या माणसाचा इमारतीला काडीचा उपयोग नसतो. तो येतो, जनावर बांधतो, खोलीत धूर करतो आणि पहाटे चालू लागतो. सराई टिकवायची तर हलणार नाही असं कुणीतरी आत बसवायला हवं.

कैदी उत्तम. मधे चौक, भोवती खोल्यांच्या रांगा, सगळ्यांची तोंडं आत आणि वेशीसारखं दणकट दार. चोर आत येऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था चोर बाहेर जाऊ नये म्हणूनही चालते. अडसर तेवढा दुसऱ्या बाजूने घालायचा. सायप्रसमध्ये निकोसियाला ऑटोमन तुर्कांनी १५७२ साली 'ब्यूक हान' ही सराई बांधली, ब्रिटिशांनी तिचा तुरुंग केला. 'सराईत गुन्हेगार' हा शब्द इतका चपखल दुसरीकडे कुठे बसणार?

कैद्यांना जेवण घालणं परवडत नसेल, तर कचेरी काढा. शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये, सुरतेला मुघल सराई उभी राहिली. हजला निघालेले यात्रेकरू तिथे उतरत. पुढे तीही तुरुंग झाली आणि १८६७ पासून तिथे नगरपालिकेचा कारभार आहे. सराईच्या मूळ धर्माला कचेरी तशी जवळचीच. जहाज कधी सुटणार हे विचारत ओवरीत बसून राहायचं, एवढंच तर यात्रेकरूही करत होते.

एक मात्र सांभाळा. स्पेनमध्ये ग्रानादाला चौदाव्या शतकातली एक देखणी सराई आहे. तिथे व्यापारी उतरले, चौकात नाटकं झाली, सज्जांतून लोकांनी ती पाहिली, पुढे गरिबांनी बिऱ्हाडं थाटली. आणि नाव काय राहिलं? 'कोराल देल कार्बोन', म्हणजे कोळशाचं आवार. मधल्या काळात कोळसेवाले येऊन गेले होते ना! नाटकवाल्यांचं नाव कुठेच नाही. १९१८ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला, तोही कोळशाच्याच नावाने.

मानाचं निघालंच आहे, तर लंडनच्या रेल्वेवाल्यांकडून शिका. सदर्कमधली 'जॉर्ज' ही घोडागाड्यांची सराई. रेल्वे आली, घोडागाड्या बसल्या आणि सराई रेल्वेच्याच हाती गेली. कंपनीने गोदामासाठी तिच्या बहुतेक बाजू पाडल्या आणि उरलेली एक बाजू १९३७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दान केली. दान द्यायचं तर असं! आधी बराचसा भाग पाडून ठेवायचा. उरलेला तुकडा आपोआप दुर्मिळ होतो.

सगळं करून झालं की जीर्णोद्धार. ब्यूक हानमध्ये आता कलादालनं आहेत, कॉफी मिळते. तुम्हीही खोल्यांत चित्रं टांगा, तबेल्यात दिवे लावा, प्राचीन आदरातिथ्यावर एक फलक रंगवा. संध्याकाळी दार ओढताना पाठीला बोचकं लावलेला कुणी 'रात्रीपुरती जागा मिळेल का' असं विचारेल. त्याला तो फलक वाचू द्या. दार पाच मिनिटांनी लावलं तरी चालेल.