आधी प्रश्न तरी वाचा हो!

रविवारी संध्याकाळी ग्रुपवर एवढंच टाकलं होतं : "78 वर्षांच्या आईसोबत घरी बघायला मराठी सिनेमा सुचवा. दोन तासांच्या आतला. रडका नको." बास. यात न कळण्यासारखं काय आहे?

पहिलं उत्तर : 'सैराट'. अहो, 174 मिनिटांचा आहे तो! आणि शेवट विसरलात का? तो बघून म्हातारी रात्री झोपेल? दुसरं उत्तर, सोळा भागांची कोरियन मालिका. तिसऱ्याने नुसतं पोस्टर टाकलं, तेही तेलुगू लिपीत. चौथा म्हणे "फॉलोइंग". कर बाबा फॉलो, मीही तेच करतोय तासभर. मग कुणीतरी डबिंगवरून काडी टाकली आणि पुढचे चाळीस मेसेज साउथ विरुद्ध बॉलिवूड. माझी आई राहिली बाजूलाच.

आणि ते पुण्याचे एक काका! "थिएटरलाच जाऊन बघा, मराठी सिनेमा आपणच जगवायचा." जगवतो हो काका, पण इंदूरला लागू तर द्या! इथे मराठी सिनेमा आलाच तर एक शो, तोही भलत्याच वेळेला, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये. चार जणांना कळेपर्यंत उतरलेला असतो. लोकमान्य नगरातून आईचे गुडघे सांभाळत तिथवर जायचं कसं? आणि 'घरी' असं लिहिलं होतं ना मी? लिहिलं होतं की नाही?

ॲपने सुचवलेलं का बघत नाही, असंही एकाने विचारलं. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, कुणाला काय आवडेल याचा अंदाज 10 टक्क्यांनी सुधारून दाखवा म्हणून. ते 2009 मध्ये एका चमूने जिंकलं, आणि ती पद्धत नेटफ्लिक्सने अख्खी कधी वापरलीच नाही. माझ्या ॲपला तर आई आणि मी वेगळे आहोत हेही ठाऊक नाही. मी एकदा एक खूनपट बघितला, तेव्हापासून बिचारीला रोज मुडदे दाखवतं. म्हणून तर माणसांना विचारलं!

माणसांचा अनुभवही सांगतो. मागच्या महिन्यात याच ग्रुपवर "बिनधास्त फॅमिलीसोबत बघा भिया" म्हणून एक नाव मिळालं. विसाव्या मिनिटाला पडद्यावर जे सुरू झालं, ते बघून आई "कुकर लावलाय का बघते" म्हणत उठली. रात्री दहा वाजता. जेवणं होऊन तास झाला होता. मी रिमोट शोधतोय, तो माझ्याच मांडीखाली, घाईत दाबलं ते आवाज वाढवायचं बटण. सुचवणाऱ्या सद्गृहस्थांना दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणे, "मी कुठे बघितलाय? रेटिंग चांगलं होतं."

न बघता! अरे, राजवाड्याजवळचा पोहेवालासुद्धा जिरावन मसाला टाकायच्या आधी विचारतो, तिखट चालेल का म्हणून.

परवा पावणेदहापर्यंत मी खाली-वर स्क्रोल करत बसलो होतो. आईने चष्मा काढून डबीत ठेवला. "राहू दे रे, बातम्या लाव."

आज मंगळवार. आत्ता दुपारी मेसेज आलाय : "मग काय बघितलंत? आम्हालाही सुचवा ना."