उलट अनुवाद जुळला, पण अर्थ?

आरोग्यविषयक प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेण्याबद्दल एक मत हल्ली फार फिरतंय : दोन्ही भाषा येणारा एक माणूस बसवा, झालेलं भाषांतर पुन्हा इंग्रजीत करून (हाच ‘उलट अनुवाद’) मूळ मजकुराशी ताडून पाहा, जुळलं की काम संपलं. बाकीचे सोपस्कार म्हणजे संशोधकांचा वेळकाढूपणा. आता तर त्यात ‘माणूसही नको, एआय पुरे’ अशी भर पडली आहे.

या मतामागचे दावे एकेक करून तपासायला एक खरीखुरी प्रश्नावली घेऊ. दुखण्यामागचं शरीरशास्त्र लोकांना कितपत कळतं, हे तपासायला ऑस्ट्रेलियातले फिजिओथेरपिस्ट लोरिमर मोझली यांनी २००३ साली १९ विधानं वापरली. उत्तरं तीनच : बरोबर, चूक, नक्की सांगता येत नाही. आता ती ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये न्यायची आहे.

‘दोन्ही भाषा येणं पुरेसं आहे.’ विधानांमध्ये चेतातंतू पदोपदी येतात. त्यांना पोर्तुगीज शब्द ‘नेर्वुस’. कोशात बघाल तर बिनचूक. पण ब्राझीलमध्ये एखादी बाई ‘मला नेर्वुसचा त्रास आहे’ म्हणते, तेव्हा ती घालमेल, चिडचिड, अंगातली थरथर सांगत असते. ईशान्य ब्राझीलमधल्या ऊसमजुरांच्या वस्तीत तर उपासमारीनं आलेला अशक्तपणाही लोक याच नावानं सांगत, असं मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी नोंदवलं आहे. आता ‘चेतातंतूंची उत्तेजना वाढते’ अशा आशयाचं विधान अशा वाचकापुढे ठेवा. तो ‘बरोबर’वर खूण करील, गुणही मिळतील, पण डोक्यात त्याच्या शेजाऱ्याशी झालेलं भांडण असेल!

‘उलट अनुवाद चूक पकडतो.’ काही चुका पकडतो, हे मान्य. पण ‘नेर्वुस’ परत इंग्रजीत न्या, ‘नर्व्ह्ज’ असंच येईल. तंतोतंत. शब्द जुळला, अर्थ निसटला. म्हणूनच डोर्कास बीटन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांत तज्ज्ञांच्या बैठकीनंतरही एक पायरी आहे : ३० ते ४० जणांकडून मसुदा भरून घ्यायचा आणि प्रत्येक प्रश्नातून तुम्हाला काय समजलं, हे विचारायचं. वेळ आणि पैसा वाचवायचा म्हणून नेमकी हीच पायरी गाळा, असं हे मत सांगतं.

‘एकच पोर्तुगीज सगळीकडे चालेल.’ ब्राझीलमध्ये सहज वापरलं जाणारं ‘व्होसे’ हे संबोधन पोर्तुगालमध्ये काहींना उद्धट वाटतं. जुनाट दुखण्यातल्या ‘जुनाट’साठीच्या पोर्तुगीज शब्दाचं स्पेलिंगही दोन देशांत वेगळं.

‘सामान्य रुग्णाला हे कळणारच नाही, मग त्याला विचारायचं कशाला?’ मोझलींच्या त्याच अभ्यासात समजावून सांगितल्यावर रुग्णांना विषय कळला. त्यांना कळेल यावर विश्वास नव्हता तो उपचार करणाऱ्यांचा.

आणि हे फक्त पोर्तुगीजचं दुखणं नाही. आपल्याकडे ‘शीर दबली’ म्हणणाऱ्याला विचारून बघा, दबली ती रक्तवाहिनी की चेतातंतू?