विकतचे पाच स्टार कायदेशीर नाहीत

सावद्याची माझी मावशी केळीचे वेफर्स करून विकते. परवा रात्री दहाला तिचा फोन: "दोन हजार भरू का रे भाऊ? नाही तर दुकान गूगलवरून काढून टाकतील म्हणे." तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज मागवून वाचला आणि डोकंच फिरलं. जळगाव-भुसावळच्या आणखी ग्रुपांवरही तो फिरतोय. म्हणणं असं: गूगलवरची नोंद टिकवायला दरवर्षी फी लागते, पाच-स्टार रिव्ह्यू विकत घेणं कायदेशीर आहे, वाईट रिव्ह्यू पैसे देऊन पुसता येतो, आणि मालकाचं नाव-गाव दिसलं तर ब्रँड 'घरगुती' वाटतो म्हणून ते लपवा.

फीची गोष्ट साफ खोटी. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरची दुकानाची नोंद, फुकट असते, काढायलाही आणि ठेवायलाही. संपलं.

खरं विष रिव्ह्यूंच्या मुद्द्यात आहे. मावशी एका शॉपिंग साइटवरही माल विकते. म्हणून ऑनलाइन विक्रीचे नियम तिलाही लागू. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये स्पष्ट लिहिलंय की विक्रेत्याने स्वतःला ग्राहक भासवून रिव्ह्यू टाकायचा नाही. यात कायदेशीर काय राहिलं? गूगलच्या धोरणातही पैसे किंवा सवलत देऊन घेतलेल्या रिव्ह्यूंना मनाई आहे. सापडलात तर नवे रिव्ह्यू काही काळ बंद होऊ शकतात, जुने काही काळ उतरवले जाऊ शकतात, वर खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना सगळ्यांना दिसू शकते. म्हणजे ज्या नावासाठी पैसे मोजले, त्याच नावावर डाग. आमच्या ओळखीच्या एका फरसाणवाल्याने हा उद्योग केला. एका रात्रीत आलेल्या रिव्ह्यूंत "रूम स्वच्छ होती" असंही होतं! गावातल्या लोकांनी त्याचे स्क्रीनशॉट काढले. वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले खरे चांगले शब्दही आता कुणी खरे मानत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वाईट रिव्ह्यू काढता येतो, हे अर्धं खरं, मान्य. शिवीगाळ असेल, दुकानाशी संबंधच नसेल तर तक्रार करा, तपासून काढतात. तीही फुकट. पण माल खरंच बिघडला होता असं कुणी लिहिलं असेल, तर ते पुसून देतो म्हणणारा तुम्हाला फसवतोय.

आणि नाव लपवायचं? वेफर्सच्या पाकिटावर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक छापावाच लागतो. जे पाकिटावर आहे ते इंटरनेटवर लपवलं की गिऱ्हाईक शंकाच घेणार. बायकांनी घरचा मोबाइल नंबर देऊ नये, धंद्यासाठी वेगळा ठेवावा, एवढं मात्र मीही सांगेन.

मावशीच्या पानावर एक दोन-स्टारचा रिव्ह्यू आहे, पावसाळ्यात वेफर्स मऊ निघाल्याचा. तो खरा होता, सील ढिलं पडत होतं. तिने मशीन बदललं आणि काल खाली तसं उत्तर लिहिलं, स्वतःच्या नावानिशी, सावद्याचं नाव घालून.